न दुखणारी जखम : टाळेबंदीतले मधुमेही पाय

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल निसटून मागे राहते, खिळा टोचतो, तरी पत्ता लागत नाही. फरशीवर ओला डाग दिसला म्हणजे घरातले लोक पाय उलटून बघतात. अशा जखमेचा इलाज फेऱ्यांवर चालतो. दर दोन-चार दिवसांनी ड्रेसिंग, मेलेली कातडी काढणे, जखमेवर भार येऊ नये म्हणून प्लास्टर किंवा मऊ मायक्रोसेल्युलर रबराची (एमसीआर) चप्पल. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि या फेऱ्याच तुटल्या.

तातडीच्या रुग्णांना रुग्णालयांची दारे उघडी होती. पण माणूस तातडी ओळखतो ती दुखण्यावरून, आणि ही जखम दुखतच नाही. त्यात मधुमेहींना कोविडचा धोका जास्त, हे रोज कानावर पडत होते; मग ड्रेसिंगसाठी कोण बाहेर पडणार? मुंबईत लोकल सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ ला खुली झाली, तीही ठरावीक वेळांपुरती. उपनगरातून परळच्या रुग्णालयात येणाऱ्याच्या दृष्टीने तोवर ते असून नसल्यासारखेच.

टाळेबंदी लागली त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रत्यक्षात बरेचसे काम व्हॉट्सॲपनेच निभावले. मुलाने ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत जखमेचा आकार आणि काळी पडलेली कड दिसे. वास, ऊब, पायाची नाडी आणि जखम हाडापर्यंत गेली आहे का, हे मात्र हात लावल्याशिवाय कळत नाही. तरी कोणाला लगेच बोलवायचे आणि कोणाला घरीच ठेवायचे, एवढी निवड फोटोवरून जमली. अमेरिकेतल्या पायाच्या डॉक्टरांनीही जखमांची अशीच तीव्रतेनुसार प्रतवारी सुचवली होती.

घरात अनवाणी वावरायची आपली रीत बधिर पायांना भोवते, आणि टाळेबंदीत सारा दिवस घरातच जाई. उलट कामावरची पायपीट थांबल्याने काही जखमांना सक्तीची विश्रांती मिळाली, हेही खरे.

उशिराची किंमत इटलीत लवकर मोजली गेली. नेपल्समधल्या एका केंद्रात ९ मार्च ते १८ मे २०२० या टाळेबंदीच्या काळात दाखल झालेल्या मधुमेही पायाच्या रुग्णांत अंगच्छेदाचा धोका २०१९ मधल्या रुग्णांच्या तिपटीहून अधिक निघाला. अभ्यास लहान, एकाच केंद्राचा. त्यावरून सगळ्या जगाचा हिशेब मांडता येत नाही. पण तिथे गँगरीन होऊन येणारे वाढले होते.

पुढे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कोविडच्या गंभीर रुग्णांचे प्राण वाचवले, पण त्याने साखर चढते आणि चढलेल्या साखरेत जखम भरत नाही. काहींच्या पायाच्या धमन्यांत कोविडमुळे गुठळ्या झाल्या. त्यांचा पाय काही तासांतच थंड आणि निळा पडे.

ओपीडी पूर्ववत झाल्यावरही फोटो पाठवण्याची सवय राहिली, दोन ड्रेसिंगांच्या मधल्या दिवसांपुरती.