सरांसाठी दंगा, लेकरांसाठी?

नोव्हेंबर २०११. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे हजारो विद्यार्थी रात्री रस्त्यावर उतरले, टीव्हीवाल्यांची गाडी उलथवली. का? तर फुटबॉलचे वयोवृद्ध प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना काढलं म्हणून! त्यांचा जुना सहायक जेरी सँडस्की याने लहान मुलांवर अत्याचार केले होते. २००१ मध्ये पॅटर्नोंच्या कानावर ते आलं. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं, पोलिसांना नाही. सामने जिंकून देणारा माणूस म्हणजे देवच ना! या पोरांना देशभर लोकांनी नावं ठेवली. ती रास्तच, पण दोनच दिवसांनी तिथलेच विद्यार्थी त्या लेकरांसाठी मेणबत्त्या घेऊन जमले, हेही सांगायला हवं. सँडस्की २०१२ मध्ये ४५ आरोपांत दोषी ठरला. त्याच जुलैत पॅटर्नोंचा पुतळाही विद्यापीठाने हलवला.