लेवी बॉडी स्मृतिभ्रंश आणि जोडीदाराची शुश्रूषा

कोपऱ्यात लहान मुले उभी आहेत, असे घरातील वडीलधारे माणूस सांगू लागले, की शेजारीपाजारी ‘बाहेरची बाधा’ ठरवून मोकळे होतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या आपल्या पालकवर्गाने म्हणूनच या आजाराची ओळख करून घ्यावी.

फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूपेशींतील सूक्ष्म गोलकांचे वर्णन केले. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना पदावरून दूर केले. जपानमधील केनजी कोसाका यांनी १९७६ पासून या गोलकांचे स्मृतिभ्रंशाशी असलेले नाते उलगडले. गोलकांत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन साचते, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले.

या आजारात अनेकदा स्मरणापेक्षा अवधान आधी ढळते. सकाळी नीट बोलणारा माणूस दुपारी गोंधळतो; नसलेली माणसे दिसतात; अंग ताठरते; झोपेत हातपाय झाडणे तर काहींत कित्येक वर्षे आधीच सुरू होते. हा चढउतार म्हणजे सोंग नव्हे, हे पती वा पत्नीने ओळखले की निम्मा राग ओसरतो. भासाविषयी वाद घालू नये. ‘मी जवळ आहे’ असे सांगून खोलीत उजेड करावा. गोंधळ एकाएकी वाढल्यास लघवीचा जंतुसंसर्ग आहे का, हे तपासून घ्यावे.

हॅलोपेरिडॉलसारखी भास दाबणारी औषधे या रुग्णांच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून निदानाची चिठ्ठी सदैव जवळ ठेवून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी.

आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिल व रिव्हास्टिग्मिन यांनी काहींना उतार पडतो. जपानने २०१४ मध्ये या आजारासाठी डोनेपेझिलला मान्यता दिली. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्यापूर्वी भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे ‘सीटीआरआय’मध्ये, तिची नोंद पाहावी. माहिती समजून दिलेली लेखी संमती आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई हे २०१९ च्या नियमांनी दिलेले हक्क आहेत. पैसे घेऊन खात्रीचा गुण सांगणाऱ्यापासून दूर राहावे. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णाला मारहाण करणे तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

शुश्रूषा करणाऱ्यालाही झोप हवी. मुलांनी व सुनांनी रात्री वाटून घ्याव्यात. मन खचल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. एकट्याच्या खांद्यावर टाकलेली सेवा दोघांनाही खाली बसवते.