चाकणचे वार्तापत्र: पॉलिसी कोणाची, शेड कोणाचे?

स्टुटगार्टला दहा-बारा वर्षे नोकरी करून ‘आता गावाकडे स्वतःचं काहीतरी’ म्हणत एखादा मराठी इंजिनिअर चाकणला येतो, तेव्हा जागा, मशीन आणि कर्ज या तीनच गोष्टी त्याच्या डोक्यात असतात. विम्याचा विषय तो काढत नाही. तो बँक काढते. त्यामुळे खराबवाडीच्या किंवा महाळुंग्याच्या भाड्याच्या शेडमधला पहिला विमा बहुधा बँकेच्या सोयीचा निघतो: तारण मशीन, तारण माल, आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेचा.

तिकडच्या वाचकांना हे विचित्र वाटेल. जर्मनीत माणूस कामावर ठेवला की अपघात विम्याची वर्गणी मालकाला भरावीच लागते, 1884 च्या कायद्यापासून. काम घटले तर ‘कुर्झआर्बाइट’खाली बुडालेल्या निव्वळ पगाराचा 60 टक्के भाग, पदरी मूल असेल तर 67 टक्के, कामगाराला मिळतो. इकडे दहा माणसे झाली की ईएसआय हा सरकारी कामगार विमा लागू होतो, तोही 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला. आठ माणसांच्या शेडमध्ये प्रेसखाली बोट गेले तर भरपाई मालकाच्या खिशातून. त्यासाठी वेगळी पॉलिसी मिळते, तिला सगळे ‘डब्ल्यूसी’ (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) म्हणतात. पण हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री तिलाच लागते.

मंदीची खरी मेख मात्र मालात आहे. ऑगस्ट 2019 मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षाच्या तुलनेत 31 टक्क्यांहून अधिक घसरली. मोठ्या कंपन्यांनी उत्पादनाला सुट्ट्या दिल्या. अशा वेळी व्हेंडरकडचा तयार माल उचललाच जात नाही, क्रेटवर क्रेट चढत जातात. पॉलिसीवरचा आकडा तेजीतलाच राहतो. समजा, शेडमध्ये 40 लाखांचा माल आहे आणि विमा 25 लाखांचा. आगीत 8 लाखांचे नुकसान झाले, तर सर्व्हेअर त्याच प्रमाणात कापून 5 लाखच धरतो. माल पूर्ण जळालेला नाही, विमा तर 25 लाखांचा आहे, मग पैसे कमी का, हा वाद इथूनच सुरू होतो. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या उद्योगांसाठी आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. वरच्या हिशेबातली तूट साडेसदतीस टक्के आहे.

आणि कंपनीची डाय? जॉबवर्कला आलेले पोलाद? तो ‘इतरांचा माल’. पॉलिसीत तसे लिहून घेतले नसेल तर जळाल्यावर त्याचे बिल व्हेंडरच्याच नावावर.

ऑर्डर थांबली म्हणून कोणतीही साधी पॉलिसी पैसे देत नाही. नफा बुडाल्याचा विमा आहे, पण तो आगीच्या पॉलिसीला जोडून येतो. आधी काहीतरी जळावे, बुडावे लागते. 2020 च्या टाळेबंदीत शेडला धक्काही लागला नव्हता, मशीन नुसती बंद होती. ब्रिटनमध्ये अशा तोट्याच्या भरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी 2021 मध्ये बऱ्याच अंशी विमाधारकांच्या बाजूने सुटला, कारण तिथल्या काही पॉलिसींत साथीच्या रोगाचे कलम होते. इथल्या साध्या आगीच्या पॉलिसीत ते शोधूनही सापडत नाही.

30 जुलै 2018 अजून चाकणच्या लक्षात आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले, बस आणि खासगी गाड्या पेटल्या, जमावबंदी लागली. पुढच्याच महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूजमध्ये कारखान्यांवर दगड पडले. दंगलीचे नुकसान गाडीच्या पूर्ण विम्यात धरले जाते, नुसत्या ‘थर्ड पार्टी’त नाही. चार पैसे वाचवायला टेम्पोचा थर्ड पार्टीच ठेवणाऱ्या नव्या उद्योजकाच्या हाती अशा दिवशी काहीच पडत नाही.

उधारीचे दुखणे वेगळेच. छोट्या उद्योगाचे बिल 45 दिवसांत चुकते करा, असे 2006 चा कायदा सांगतो. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्याविरुद्ध तक्रार करायला सहसा कोणी धजावत नाही. निर्यातदाराला निदान 1957 पासून चालत आलेल्या, निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या ईसीजीसीचा आधार आहे.

मार्चअखेरीस एजंट नूतनीकरणाचा कागद घेऊन शेडवर येतो. ‘गेल्या वर्षीचाच आकडा ठेवू ना?’ मागे भिंतीपर्यंत क्रेट रचलेले असतात. सीएनसीच्या आवाजात मालकाला अर्धेच ऐकू येते. तो मान डोलावतो आणि चहा सांगतो.