दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

पनवेलजवळच्या करंजाड्यात आमच्याच इमारतीत एक काका राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाणारी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. निवृत्तीनंतर त्या रस्त्याच्या आठवणी ते संगणकावर लिहू लागले. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली. काकांचा संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीचा, रॅम चार जीबी. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानात सांगितलं, नवा घ्या.

"अगं, इंजिन ठणठणीत असताना गाडी भंगारात कोण काढतं?" काका मला म्हणाले.

पनवेलला डीटीपी करण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यातली शेवटची काही लिनक्स या विंडोजच्या मोफत पर्यायावर. म्हणून काकांच्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलं, त्यातलं एक्सएफसीई हे हलकं रूप. आधी ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, आवाज येतो का, हे हार्ड डिस्कला हात न लावता कळतं. मग काकांच्या सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या आणि त्यानंतरच मिंट बसवलं. पहिलं काम टाइमशिफ्टचं. ते संपूर्ण सिस्टिमची नोंद ठेवतं, पुढे काही बिघडलं तर त्या दिवसापर्यंत मागे जाता येतं. याचा कंटाळा करू नये.

सॉफ्टवेअर बसवायची लिनक्सची रीत मला मनापासून आवडते. विंडोजवर एखादी गोष्ट हवी असली की आपण इंटरनेटवर शोधत सुटतो. दहा ठिकाणी हिरवी बटणं, त्यातलं खरं कोणतं ते कळत नाही. मिंटचं, आणि ते ज्यावर उभं आहे त्या उबुंटूचं, स्वतःचं भांडार आहे. तिथल्या याद्यांवर डिजिटल सही असते, ती संगणक तपासतो. एका सॉफ्टवेअरला आणखी चार भाग लागत असतील तर तेही संगणक आपोआप आणतो. अपडेट्सही तिथूनच येतात. हे सगळं सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये माउसने होतं. टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे नाव लिहिलं तरी तेच होतं. 'सुडो' म्हणजे हे काम मालकाच्या अधिकाराने कर. तिथे पासवर्ड टाइप करताना पडद्यावर आपली अक्षरं दिसत नाहीत. काका गडबडले होते, कीबोर्ड बिघडला म्हणून.

खरा वेळ गेला मराठीवर. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट जोडला आणि भाषा बदलायला कॅप्स लॉकचं बटण दिलं. इन्स्क्रिप्ट हे १९९१ पासूनचं भारतीय मानक: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. मी त्याचाच आग्रह धरला, कारण 'ऱ' तिथे सरळ मिळतो. 'र'च्याच बटणावर, शिफ्ट दाबून. घाटाबद्दल लिहिणाऱ्या माणसाला तो नसेल तर सह्याद्रीतल्या 'दऱ्या' लिहायला जावं आणि समुद्राचा 'दर्या' उमटावा! साधा 'र' हलन्त करून 'य' जोडला की रफार होतो; 'ऱ' हलन्त केला की अर्धा र आडवा येतो.

लिबरऑफिसमध्ये आणखी एक अडचण अनेकांना येते. वरच्या पट्टीतून फॉन्ट ठरवावा, तरी नव्या फाइलमध्ये देवनागरी पुन्हा वेगळीच. कारण भारतीय लिप्यांचा मूळ फॉन्ट तिथे वेगळा ठेवलेला असतो, सीटीएल या नावाखाली. पर्यायांमध्ये जाऊन सीटीएलची भाषा मराठी केली आणि फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' दिला. तो कुणालाही विनामूल्य वापरता येतो.

काकांनी पूर्वी बाहेरून टाइप करून घेतलेली चाळीस पानं मात्र उघडल्यावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसली. जुन्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरंच असायची, वरून मराठीचं चित्र. सुदैवाने छापील प्रत जपलेली होती. भांडारातून स्कॅनमधली छापील अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट, त्याचा मराठीचा वेगळा भाग आणि ते माउसने चालवायला जीइमेजरीडर बसवलं, पानं स्कॅन केली. टेसरॅक्टचा जन्म एचपी कंपनीतला, २००५ पासून तो सर्वांना खुला आहे. जोडाक्षरांत चुका राहिल्या, काकांनी आठवडाभर बसून त्या दुरुस्त केल्या. पण चाळीस पानं पुन्हा टाइप करणं वाचलं.

बाकी सजावट थोडी. अक्षरं मोठी केली, पडद्यावर चारच चिन्हं ठेवली.

टॅली किंवा फोटोशॉपवर ज्यांचं पोट आहे त्यांनी मात्र थांबावं. ती लिनक्ससाठी बनलेली नाहीत. काही प्रिंटरांचे ड्रायव्हरही मिळत नाहीत. लिहिणं, वाचणं, इंटरनेट, हिशेबाचे तक्ते, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या आणि रविवारची एक दुपार काढा.