कॅन्सस सिटीतला मार्च : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च उजाडला की अमेरिकेत नोकरीला असलेली आपली भाचरं-पुतणे ऑफिसात ‘ब्रॅकेट’ भरायला बसतात. कोण जिंकणार, कोण कुणाला गारद करणार, याच्या पैजा लागतात. ही एनसीएए या बड्या संघटनेची कॉलेज बास्केटबॉल स्पर्धा, जगभर ‘मार्च मॅडनेस’ म्हणून गाजलेली. त्याच महिन्यात मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलची आणखी एक राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा रंगते. ती छोट्या महाविद्यालयांची. नॅशनल असोसिएशन ऑफ इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स, म्हणजे एनएआयए, ही संघटना ती भरवते. तिच्याबद्दलचे गैरसमज खुद्द अमेरिकेतच इतके आहेत की आपल्याकडच्या क्रीडारसिकांना बोल लावण्यात अर्थ नाही.

‘मोठ्यांचं पाहून छोट्यांनी सुरू केली’

झालं नेमकं उलट. ही स्पर्धा १९३७ सालची. न्यू यॉर्कची प्रसिद्ध एनआयटी स्पर्धा १९३८ची आणि एनसीएएची १९३९ची. कॉलेज बास्केटबॉलची सर्वांत जुनी राष्ट्रीय स्पर्धा हा मान छोट्यांकडेच जातो.

तिच्या जन्मामागे एक व्यवहारी कारण होतं. हौशी खेळाडूंच्या एएयू संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा बरीच वर्षं कॅन्सस सिटीत व्हायची. ती १९३५मध्ये डेन्व्हरला गेली. इकडे शहरात म्युनिसिपल ऑडिटोरियम नवंकोरं उभं राहिलं होतं आणि त्यात खेळवायला मोठी स्पर्धाच उरली नव्हती. बेकर विद्यापीठाचे एमिल लिस्टन, खेळाडूंच्या औषधोपचाराचं सामान बनवणारे उद्योजक फ्रँक क्रेमर आणि डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी मग ही कल्पना उचलून धरली. हे नेस्मिथ म्हणजे १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डमध्ये पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून या खेळाला जन्म देणारे. तेव्हा ते पंचाहत्तरीत होते. खेळाच्या जन्मदात्याचाच हात जिच्या उभारणीला लागला, तिला नक्कल म्हणणं जरा जास्तच होतं.

पहिल्या वर्षी आठच संघ आले आणि सेंट्रल मिसुरी जिंकलं. दुसऱ्या वर्षी संघ झाले बत्तीस, विजेते मात्र तेच. पुढे अनेक दशकं या स्पर्धेचा साचा ठरून गेला : बत्तीस संघ, एक शहर, एक आठवडा, हरला तो घरी. पहिले दोन दिवस रोज आठ सामने, सकाळपासून रात्री उशिरापर्यंत. ज्याला करंडक हवा त्याने सहा दिवसांत पाच सामने जिंकायचे. मोठ्यांच्या स्पर्धेत दोन सामन्यांनंतर आठवडाभराची उसंत मिळते. इथे दम खायलाही सवड नसे.

‘छोटं कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, दुय्यम कॉलेज’

दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं वेगळी, त्यांची संघटना वेगळी आणि स्पर्धाही वेगळी. एनएआयएमधली महाविद्यालयं चार वर्षांची पदवी देतात. बरीचशी खासगी, अनेक चर्चशी संलग्न, काही सरकारी. छोटी म्हणायची ती पटसंख्येने. अनेकांची ती हजार-दोन हजारांच्या घरात असते.

इथे शिष्यवृत्ती मिळत नाही, हा समज त्याचाच जोडभाऊ. एनएआयएमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती देता येते. ती मिळत नाही एनसीएएच्या तिसऱ्या विभागात. आणि गंमत म्हणजे पहिल्या विभागात खेळणारी हार्वर्ड, येलसारखी नामवंत विद्यापीठंही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तेव्हा नावाच्या वजनावरून पैशाचा अंदाज बांधू नये.

नावांचा घोटाळाही इथलाच. १९९८, २०१३ आणि २०१९ची विजेती जॉर्जटाउन कॉलेज ही केंटकीतली संस्था. बास्केटबॉलपटू पॅट्रिक युइंगची जॉर्जटाउन युनिव्हर्सिटी वॉशिंग्टनमधली. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

‘कृष्णवर्णीय खेळाडूंनी विजेतेपदाचं दार १९६६ साली उघडलं’

हा गैरसमज सगळ्यांत चिवट, कारण त्याला सिनेमाचं खतपाणी मिळालं. ‘ग्लोरी रोड’मध्ये टेक्सस वेस्टर्नचा संघ पाच कृष्णवर्णीय खेळाडू उतरवून १९६६च्या अंतिम सामन्यात केंटकीला हरवतो. ते खरंच घडलं आणि त्याचं मोल मोठंच आहे. पण ते एनसीएएपुरतं पहिलं. कॅन्सस सिटीत त्याच्या नऊ वर्षं आधी एक संपूर्ण कृष्णवर्णीय संघ राष्ट्रीय विजेता झालेला होता.

मात्र या स्पर्धेलाही सोवळ्यात बसवायचं कारण नाही. सुरुवातीला तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदीच होती. १९४७ साली इंडियाना स्टेटला निमंत्रण आलं. प्रशिक्षक होते जॉन वुडन, जे पुढे यूसीएलएला दहा एनसीएए विजेतेपदं मिळवून देणार होते. त्यांच्या संघात क्लॅरन्स वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्याला वगळून जायचं नाही म्हणून वुडननी निमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजनेही या नियमावरून माघार घेण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे बंदी उठली. वॉकर १९४८मध्ये मैदानात उतरला. या स्पर्धेत खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. मैदानात जागा मिळाली, पण संघाबरोबर हॉटेलात राहायला मिळालं नाही. त्या वर्षी इंडियाना स्टेट अंतिम फेरीत लुइव्हिलकडून ७०-८२ असं हरलं. वुडन यांच्या संघाने गमावलेला हा एकमेव राष्ट्रीय अंतिम सामना.

कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांना एनएआयएने १९५३मध्ये दार उघडलं, तेही अर्धवट. देशभर विखुरलेल्या या सगळ्या कॉलेजांचा मिळून एकच वेगळा ‘जिल्हा’ केला गेला. एका जागेसाठी त्यांनी आधी आपसात लढायचं आणि जिंकेल त्याने कॅन्सस सिटीला यायचं.

ती जागा टेनेसी ए अँड आय या नॅशव्हिलच्या संस्थेने मिळवली. तिचे प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन हे कॅन्सस विद्यापीठात खुद्द नेस्मिथांचे विद्यार्थी. तिथे वर्णामुळे त्यांना विद्यापीठाच्या संघातून खेळता आलं नव्हतं. आपली मुलं इतर संघांसारखीच शहरातल्या हॉटेलात उतरतील, तरच येऊ, ही त्यांची अट होती. ती मान्य झाली. आणि मग १९५७, १९५८, १९५९ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं त्यांच्या संघाने नेली. त्या संघाला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं ते थेट २०१९ साली. साठ वर्षं हा उशीर नव्हे, दुर्लक्ष होय.

केंटकी स्टेटने १९७० ते १९७२ दरम्यान पुन्हा तशीच हॅट्‌ट्रिक केली. त्यांच्या ट्रॅव्हिस ग्रँटने १९७२मध्ये या स्पर्धेतल्या एकाच सामन्यात ६० गुण ठोकले. तीन गुणांची रेषा तेव्हा कॉलेजच्या मैदानावर यायची होती, हे लक्षात घेतलं तर आकड्याचं वजन कळतं.

‘इथून एनबीएत कोणी जात नाही’

स्कॉटी पिपेन सेंट्रल आर्कान्सासचा. सुरुवातीला तो तिथे संघाचं सामानसुमान सांभाळायचा. १९८७च्या एनबीए खेळाडू-निवडीत त्याचं नाव पाचवं पुकारलं गेलं. डेनिस रॉडमन साउथईस्टर्न ओक्लाहोमाचा. त्याआधी तो डॅलसच्या विमानतळावर रात्रपाळीचा सफाई कामगार होता. दोघांचीही कॉलेजं त्या वेळी एनएआयएमध्ये होती. मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सचे हे दोन खांब.

त्याहून बोलका दाखला न्यू यॉर्क निक्सचा. ८ मे १९७०, एनबीए अंतिम मालिकेचा सातवा सामना. दुखऱ्या मांडीने लंगडत विलिस रीड मैदानात आला आणि त्याने पहिले दोन बास्केट केले. न्यू यॉर्ककर अजून ती कथा सांगतात. रीड १९६१मध्ये ग्रॅम्बलिंगकडून कॅन्सस सिटी जिंकून गेलेला. त्या सामन्यात निक्सकडून सुरुवातीला उतरलेल्या पाच जणांतला डिक बार्नेट मॅक्लेंडनांच्या तिन्ही विजयी संघांत होता. म्हणजे त्या रात्री निक्सच्या पहिल्या पाचांत दोघे छोट्यांच्या स्पर्धेचे विजेते होते.

‘ती स्पर्धा आता बंद पडली’

अनेक महाविद्यालयं एनएआयए सोडून एनसीएएत गेली, म्हणून हा समज पसरला असावा. स्पर्धाही मधली काही वर्षं, १९९४ ते २००१, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात होती. १९९२पासून तिचे दोन विभाग झाले. ते २०२०-२१च्या हंगामात पुन्हा एक झाले. खंड पडला तो १९४४मध्ये महायुद्धामुळे आणि २०२०मध्ये करोनामुळे. आता ६४ संघ असतात. पहिल्या दोन फेऱ्या निरनिराळ्या कॉलेजांच्या मैदानांवर होतात आणि उरलेले सोळा संघ कॅन्सस सिटीला येतात, १९३७ची पहिली स्पर्धा झाली त्याच म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये. मोठ्यांच्या एनसीएए स्पर्धेचे अंतिम टप्पेही याच इमारतीत नऊ वेळा झाले आहेत. इतके दुसऱ्या कुठल्याही इमारतीत झालेले नाहीत.

जाता जाता, पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या कोर्टवर घाम गाळून अमेरिकेची स्वप्नं पाहणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना एक सांगणं. अर्ज करताना फक्त एनसीएएची यादी धुंडाळू नका. एनएआयएचं पात्रता केंद्र वेगळं आहे, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते आणि एकाकडची पात्रता दुसरीकडे आपोआप चालत नाही.