चित्र कोणाचे?

चोरीस गेलेला बैल दूरच्या बाजारात सापडला, तर तो कोणाचा? ज्याच्या गोठ्यातून गेला, त्याचा. मध्ये किती वर्षे गेली, हे आपण विचारीत नाही. पण सत्ता हाती असलेल्यांनीच माल लुटला, तर? अशी एक खरी हकिगत आपण पाहू.

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. व्हिएन्ना ही त्याची राजधानी. तिथे फर्डिनांड ब्लॉख-बाउअर नावाचे एक ज्यू गृहस्थ राहत. त्यांचा साखरेचा धंदा होता. त्यांच्या पत्नी आडेलेबाई. क्लिम्ट नावाच्या चित्रकाराने १९०७ साली बाईंचे मोठे चित्र पुरे केले. त्याला सोन्याचा वर्ख लावलेला आहे. बाई १९२५ साली वारल्या.

पुढे १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ज्यू लोकांवर जुलूम सुरू झाला. फर्डिनांड जीव घेऊन देशाबाहेर गेले. मागे घर, धंदा, चित्रे, सगळे नाझींनी बळकावले. १९४१ साली बाईंचे चित्र व्हिएन्नाच्या सरकारी संग्रहालयात गेले. १९४५ साली फर्डिनांड परमुलखात वारले. आपली मालमत्ता त्यांनी भावाच्या तीन मुलांच्या नावे लिहून ठेवली होती.

मुलांना चित्र मिळाले नाही. संग्रहालय म्हणे, “बाईंनी मृत्युपत्रात ते आम्हांला दिलं आहे.” लोकांनी ते खरे मानले.

१९९८ साली जुने कागद पाहायला मिळाले. चेर्निन नावाच्या एका पत्रकाराने ते नीट वाचले. काय निघाले? बाईंनी पतीला नुसती विनंती केली होती, की तुमच्या मागे चित्रे संग्रहालयाला द्या. आणि चित्रांचे मालक तर पतीच होते! विनंती म्हणजे काही दान नव्हे.

फर्डिनांडांची पुतणी मारिया आल्टमान तेव्हा अमेरिकेत होत्या. वय ८० च्या पुढे. त्यांनी चित्रे मागितली. ऑस्ट्रियाने नकार दिला. तेव्हा २००० साली त्यांनी अमेरिकेत दावा लावला. दावा चालू शकतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. मग दोन्ही बाजूंनी मिळून तीन पंच नेमले. जानेवारी २००६ मध्ये पंचांचा निकाल लागला. बाईंच्या चित्रासह पाच चित्रे घराण्याला परत मिळाली. तेव्हा मारियाबाई ८९ वर्षांच्या होत्या.

लुटले गेलेल्या सर्वांनाच असा न्याय मिळाला नाही. कित्येक घराणी समूळ नाहीशी झाली. कित्येकांचे कागद जळाले.

म्हणून कागद जपावा. आणि त्यात काय लिहिले आहे, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून थांबू नये. आपल्या डोळ्यांनी वाचावे.