पोरगं चित्रं काढतं, पण स्टोरीबोर्डच्या कामात रमेल का?



बेणे, पाणी, खत आणि उसाचे बिल या विषयांवर आम्ही या पानातून नेहमीच लिहितो. आजचा विषय थोडा निराळा आहे. फुलंब्रीकडच्या एका सभासदाने परवा आम्हांला गाठून विचारले, "पोरगं बारावीला आहे. अभ्यासात बेताचं, पण वहीच्या वह्या चित्रांनी भरवतं. सिनेमाचे स्टोरीबोर्ड काढायला मुंबईला जातो म्हणतंय. फीसाठी एकरभर रान गहाण टाकू का?" प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर अनेकांच्या कामी येईल, म्हणून ते येथे देत आहोत.

प्रथम हे काम काय, ते पाहू. घर बांधण्याआधी आपण नकाशा काढतो, तसा स्टोरीबोर्ड हा सिनेमाचा कागदावरचा नकाशा. नट, दिवे, कॅमेरा असा सारा लवाजमा उभा करून मग विचार करीत बसणे कोणालाच परवडत नाही. म्हणून प्रसंग आधीच चौकटी-चौकटींनी काढून घेतात. कॅमेरा कुठे, माणूस लांबून दिसणार की जवळून, गाडी कोणत्या बाजूने येणार, हे सारे त्यात असते. सिनेमा, जाहिरात, कार्टून, कॉम्प्युटरवरचे खेळ, सगळीकडे हे काम लागते.

नाव इंग्रजी असले तरी ही विद्या आपल्याला परकी नाही. आपल्या फुलंब्रीवरून सिल्लोडकडे जाणारा रस्ता पुढे अजिंठ्याला जातो. तेथील १७ क्रमांकाच्या लेण्यात दानशूर राजपुत्र विश्वंतराची कथा भिंतीवर प्रसंगाप्रसंगाने रंगविली आहे. तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो आणि कथा पुढे सरकते. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र दाखवीत रामायण-महाभारतातल्या कथा गातात. या कलेसाठी तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

सिनेमातले उदाहरण घ्यायचे तर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे घ्यावे. सुतार-लोहारकाम जाणणाऱ्या घरातला हा माणूस नाटकांचे पडदे रंगवीत पुढे आला. त्यांनी कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला. शूटिंगपूर्वी पात्रे, त्यांचे कपडे, हालचाली ते कागदावर रेखाटून घेत. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांतारामांनी केली होती. सावकाराच्या लबाडीने जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. रान गहाण टाकण्यापूर्वी ती आठवलेली बरी!

आता मुद्द्याचे. हात चांगला आहे, एवढ्यावर या धंद्यात भागत नाही. गणपतीचे सुंदर चित्र काढणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. येथे तीन गोष्टी लागतात. चित्रांतून गोष्ट सांगता आली पाहिजे. हात झपाट्याने चालला पाहिजे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, काढलेले फाडून पुन्हा काढायला मन तयार हवे. कारण गोष्ट दिग्दर्शकाची असते. तो दहा चौकटी बघून आठ रद्द करतो. शिवाय ही चित्रे भिंतीवर लागत नाहीत. सिनेमा झाला की त्यांचे काम संपले.

म्हणून फी भरण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा घ्या. खर्च एका वहीचा. पोराला किंवा पोरीला सांगा, 'उसाच्या तोडीपासून मोळी गव्हाणीत पडेपर्यंतची हकिकत बारा चौकटींत काढ. एकही अक्षर लिहायचं नाही.' कोयता, मोळ्या, गाडी, वजनकाट्यावरची रांग, सगळे आपल्या डोळ्यांपुढचे आहे. मग ती वही आजीच्या पुढे ठेवा. मध्ये न अडखळता आजीने हकिकत सांगितली, तर पहिली परीक्षा पास. नंतर म्हणा, 'आता हीच हकिकत बैलाच्या नजरेतून काढ, उद्या सकाळपर्यंत.' पोर तोंड फुगवून बसले, तर ते चित्रकार होईलही, पण हे काम त्याचे नव्हे. 'बैलाला काय काय दिसत असेल?' असे म्हणत लगेच पेन्सिल घेतली, तर पुढचा विचार करावा.

शिक्षणाची वाटही पायरीपायरीने धरावी. शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर उपयोजित कलेची पदवी घेता येते. शासकीय कला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे, तेथे आधी चौकशी करावी. खासगी संस्था 'नोकरीची हमी' देत असेल, तर तिथून शिकून गेलेल्या पाच मुलांना भेटा आणि ती सध्या काय करतात ते विचारा. चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नका.

कमाईचेही सांगितले पाहिजे. हे काम बहुतेक करारावर चालते. एक महिना रात्रंदिवस, तर दुसरा महिना रिकामा. मुंबईत खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. त्यात आता कॉम्प्युटरला सांगितले की तो चित्र काढून देतो. नुसत्या हातावर पोट भरणाऱ्याला त्याची झळ बसणार. कोणत्या क्षणी काय दाखवायचे, हे ज्याला कळते, त्याची गरज मात्र राहील असे आम्हांला वाटते.

त्या सभासदाला आम्ही एवढेच सांगितले, "रान राहू द्या, आधी वही आणा." आपणही पोराला नाही म्हणण्याची घाई करू नका, आणि हो म्हणण्याचीही नको. बेणे पारखल्याशिवाय आपण लागण करीत नाही. येथेही तोच न्याय लावावा.